बंद झडपेचं चित्र

बरगडीखाली, डाव्या बाजूला, बोटाला काहीतरी लागलं – गुळगुळीत, गोल, साबणाने कडेला किंचित सुटलेलं – आणि क्षणभर तिला वाटलं, गाठ. मग लक्षात आलं, स्टिकर, तपासणीच्या वायरी जोडायला छातीवर चिकटवतात तो. कालचा. तीनपैकी दोन काढले होते, तिसरा राहून गेला, आणि तो तसाच अंगावर घेऊन ती घरी आली, जेवली, झोपली. इतकी वर्षं लोकांच्या छातीवरून हे स्टिकर काढताना ती न चुकता विचारायची, राहिला नाही ना एखादा, नाहीतर घरी जाऊन घाबराल. लोक हसायचे. एका झटक्यात ओढला की दुखत नाही, हेही तीच सांगायची... आणि आता न्हाणीघरात उभी राहून नखाने कडा उचलत होती, सोडत होती, पुन्हा उचलत होती. स्वतःच्या कातड्याला झटका देणं जमत नाही, ही माहिती तिला नवी होती.

"किती वेळ ग?" बाहेरून आईचा आवाज आला. "पाणी संपवतेस की काय?"

"आले."

काल नवीन मशीन आलं होतं. हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे इको, करण्याचं. कंपनीचा माणूस ते चालवून दाखवायला आला होता, आणि दाखवायचं तर टेबलावर कुणीतरी झोपावं लागतं – बारीक अंगाचं, दोन बरगड्यांमधून चित्र स्वच्छ येईल असं, शिवाय धडधाकट. म्हणजे ती. नेहमी तीच. विभागात कुणी नवीन शिकायला आलं की तिच्यावर हात साफ करायचं, जुन्या मशीनला नवा भाग बसवला की तिच्यावर तपासून बघायचं. 'जा, नॉर्मल घेऊन या,' असं थोरले डॉक्टर सांगायचे आणि सगळे हसत तिला शोधायला निघायचे. निवृत्त होईपर्यंत त्यांनी तिला दुसऱ्या कुठल्या नावाने हाक मारल्याचं आठवत नाही.

तर काल ती डाव्या कुशीवर झोपली, तोंड भिंतीकडे, आणि तो माणूस तिच्या पाठीमागे बसून चित्र घेणारा प्रोब छातीवर फिरवत बडबडत होता. बडबडणं हेच त्याचं काम. रंग बघा, कडा बघा, असं तो बाकीच्यांना सांगत होता. मग लोक एकेक करून चहाला गेले, तो एकटाच उरला, आणि मग... त्याचा हात थांबला. थांबला, किंचित तिरका झाला, पुढे गेला आणि पुन्हा त्याच जागी परत आला. बडबड बंद. तिला पडदा दिसत नव्हता, भिंत दिसत होती, पण तो हात ती ओळखत होती. तो तिचाच हात होता. काही सापडलं की माणसाचा हात असाच थांबतो, आणि तो थांबू नये म्हणून ती नव्या लोकांना पहिल्या दिवसापासून ओरडत आलेली – टेबलावरच्या माणसाला पडदा दिसत नसतो, तो तुमचा हात वाचत असतो, हात हलता ठेवा, नंतर गुपचूप परत या.

"बस, झालं मॅडम," तो म्हणाला होता, जरा घाईनेच. "थँक यू हं." आणि टिशू पेपर देताना त्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

त्याने काही सांगितलं नाही. सांगायचं नसतंच. तो डॉक्टर नाही, तीही नाही. 'डॉक्टर सांगतील' हे वाक्य तिने आजवर इतक्या वेळा म्हटलं असेल की झोपेतही म्हणत असेल.

"धाकटा येणारे आज तुमच्याकडे," आई चहा गाळता गाळता म्हणाली. "जुनं मशीन न्यायला. रात्री इकडेच जेवायला ये म्हणावं. आणि सांग त्याला, जरा माणसं लाव हाताखाली, सगळं स्वतःच उचलतो."

"तुझं ऐकतो का?"

"तुझं ऐकतो. तू म्हणजे त्याला देव वाटतेस. का वाटतेस, तेच मला कळत नाही."

ती हसली. ही आईची माया, ती अशीच, वाकड्या वाटेने येते.

रस्त्यावर ऊन अजून कोवळं होतं. दुकानांची शटरं वर जात होती. एका इमारतीपुढे सामानाचा टेम्पो उभा होता, दोन माणसं कपाट खाली आणत होती, आणि खालच्या माणसाचा खांदा पट्ट्याखाली जसा वाकला होता तो बघून ती थांबली नाही, पण चाल मंदावली. वडिलांचा पट्टा असाच. जाड, कापडी, घामाने काळा पडलेला. घरं हलवून देण्याचा त्यांचा धंदा – आता धाकट्या भावाचा – आणि उंच, लांब हातांचा तो माणूस फ्रीज पाठीवर घेऊन जिना असा चढायचा की खालचे लोक बघत राहायचे. त्या दिवशी अर्ध्या जिन्यात त्यांनी फ्रीज हळूच टेकवला. टाकला नाही हं, टेकवला, लोकांचा होता. घरी येऊन म्हणाले, पाठीत काहीतरी फाटलं. फाटलं हाच शब्द. आईने बाम चोळला, बराच वेळ, दोन्ही हातांनी, आणि ते पालथे पडून म्हणत राहिले, खाली, अजून खाली, आता कमरेत उतरलं. दुखणं जागा बदलतंय म्हणून आईला बरं वाटलं होतं. संध्याकाळी ते गेले. हार्ट अटॅक, सगळे म्हणाले, आणि तेव्हा कुणी दुसरं काही म्हणण्याचं कारणही नव्हतं.

हे सगळं तिला आज नव्याने सुचत होतं असं नाही. या कामाला लागली त्याच वर्षी थोरल्या डॉक्टरांनी महाधमनीबद्दल शिकवलं होतं – हृदयातून निघणारी सर्वांत मोठी नळी, ती कुणाकुणाची हळूहळू फुगत जाते, भिंत पातळ होते, आणि एक दिवस आतून चिरते. माणूस सांगतो, पाठीत फाटल्यासारखं झालं. चीर खाली सरकते तसं दुखणंही खाली सरकतं. ती वही बंद करून बसून राहिली होती. मग डॉक्टर म्हणाले, यातले बरेच जण जन्मतःच सदोष झडप घेऊन येतात. हृदयाच्या तोंडाशी तीन पाकळ्या हव्यात, यांच्या दोनच, नाहीतर तीनातल्या दोन एकमेकींना चिकटलेल्या. आणि हे घराण्यात असतं. त्याच आठवड्यात त्यांनी तिला टेबलावर झोपवलं, आणि झडपेचं चित्र इतकं सुंदर आलं की ते तिथेच थांबवून त्यांनी कागदावर काढलं आणि भिंतीवर लावलं. तीन रेषा, मध्यभागी मिळालेल्या. खाली मोठ्या अक्षरांत, नॉर्मल.

त्या दिवशी मी किती हलकी होऊन घरी गेले होते! धाकट्याला सांगितलं, आपल्या घरात तसलं काही नाही रे, माझं बघितलंय. त्याने ते गावभर केलं. आमच्या ताईचं काळीज दवाखान्यात भिंतीवर टांगलंय, बाकीच्यांना दाखवायला, असं असावं म्हणून. अजूनही करतो.

चित्र आपल्या जागी होतं. कडा पिवळ्या पडलेल्या, एक कोपरा चिकटपट्टीने पुन्हा बसवलेला. तिने दिवा लावला, जेलची बाटली गरम पाण्याच्या भांड्यात उभी केली, टेबलावर नवा कागद पसरला. जुनं मशीन कोपऱ्यात वायर गुंडाळून उभं होतं, माहेरी निघालेल्या बाईसारखं. नवीन मशीन मधोमध, अंगावर अजून प्लास्टिकचा वास. त्याच्या पोटात कालची तपासणी असणार. नावाच्या जागी त्या माणसाने 'डेमो' टाकलं होतं, हे तिने काल निघताना पाहिलं होतं. एक बटण दाबलं की पडद्यावर.

तिने पहिल्या पेशंटला आत बोलावलं.

एक निवृत्त शिक्षक होते, शर्टाची घडी घालून खुर्चीवर ठेवणारे. मग एक बाई, आधीच रडून आलेली, जिचं सगळं ठीक निघालं. मग एक बस ड्रायव्हर, त्याला टेबल पुरेना. तिचा हात फिरत होता, कुठे थांबत नव्हता, मोजमापं होत होती, आणि मनात मात्र एकच दृश्य पुन्हा पुन्हा... बंद झडप. ते चित्र बंद झडपेचं होतं. तिन्ही रेषा असतात तेव्हा झडप मिटलेली असते. उघडली की तीन पाकळ्यांचा त्रिकोण होतो, आणि दोनच असतील तर मासा तोंड उघडतो तसं काहीतरी, लांबट. दोन पाकळ्या एकमेकींना चिकटल्या असतील तर चिकटलेल्या जागी शिवण राहते, आणि मिटलेल्या झडपेत ती शिवण तिसऱ्या रेषेसारखी दिसते. अगदी हुबेहूब. हे ती स्वतः शिकवायची! थांबलेल्या चित्रावर विश्वास ठेवू नका, उघडताना बघा. कुणाला शिकवायची, तर त्या चित्राखाली उभ्या असलेल्या लोकांना, आणि हात त्या चित्राकडेच करून.

आणि त्या लोकांनी तिला किती वेळा तपासलं असेल! पण ते काय बघत होते? प्रोब नीट धरलाय का, बटण सापडतंय का. नॉर्मलमध्ये कुणी दोष शोधत नाही. मी तरी कुठे शोधला?

"सगळं बरं आहे ना हो?" ड्रायव्हरने विचारलं.

"डॉक्टर सांगतील," ती म्हणाली. स्वतःचाच राग आला, उगीच.

दुपारी खोली रिकामी झाली. डबा तिने उघडला आणि झाकण परत लावलं. दार लोटून नव्या मशीनसमोर बसली. 'डेमो'.

आधी मिटलेली झडप आली, तीन रेषा, भिंतीवरचीच, फक्त जास्त ठसठशीत. मग चित्र चालू झालं आणि झडप उघडली. मासा. मिटली, तीन रेषा. उघडली, मासा. तिने किती वेळा पाहिलं कुणास ठाऊक. वाईट वाटण्याआधी तिला आश्चर्य वाटत होतं, हे इतकं माझ्या आत, इतकी वर्षं, इतक्या मुकाट्याने! मग सवयीने तिने वरची नळी शोधली. जुन्या मशीनवर कुणी तिथवर जातच नसे. पण त्या माणसाने प्रोब वर सरकवून तो भागही टिपला होता, कारण त्यालाही पुढे काय बघायचं ते ठाऊक होतं. तिने एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत रेघ ओढली. त्रेचाळीस मिलिमीटर. पस्तीसच्या आसपास हवी होती. कापाकापीची वेळ नव्हती, ती अजून बरीच लांब. दर वर्षी मोजायचं, रक्तदाब सांभाळायचा. हे सगळं तिने मनातल्या मनात एखाद्या पेशंटला समजवावं तसं म्हणून टाकलं, आणि बऱ्यापैकी शांतपणे म्हटलं.

हे का होतं यावर थोरले डॉक्टर आणि त्यांचे मित्र जेवणाच्या टेबलावर भांडायचे. एक म्हणायचे, दोष दाराचा – तोंड वाकडं म्हणून रक्ताचा झोत सरळ न जाता एकाच बाजूच्या भिंतीवर आदळतो, नळाचं वायसर बिघडलं की पाणी तिरकं उडून एकच फरशी सुटत जाते, तसं. दुसरे म्हणायचे, मग झडप बदलल्यावरही काहींची नळी फुगतच राहते ती का? दोष भिंतीचाच, दार आणि भिंत एकाच मातीची, एकदमच घडलेली. शेवटी दोघंही म्हणायचे, दोन्ही खरं असेल, आणि भात संपवायचे. तेव्हा तिला तो वाद पोट भरलेल्या लोकांचा वाटायचा. आता तिला त्याचं उत्तर हवं होतं. कारण दोष नुसत्या झोताचा असेल तर तो माझ्यापुरता. भिंतीचा असेल तर ती भिंत वडिलांकडून आली आणि एकटी माझ्याकडेच कशी येईल... खरं म्हणजे दाराचंही तेच. दारही तिथूनच आलं.

"कुणाचा हा?"

डॉक्टर मॅडम कधी आत आल्या ते तिला कळलंच नाही. हातात सफरचंद, खाता खाता त्या पडद्याकडे वाकल्या.

"कालच्या डेमोचा," ती म्हणाली. "झोपवलं होतं एकाला."

"चांगला सापडला की. दोन पाकळ्या चिकटल्यात बघ. मिटली की तीन वाटतात, फसतो माणूस." त्यांनी आकडा पाहिला. "त्रेचाळीस. माहितेय त्याला?"

"नाही."

"मग बोलाव आणि मला दाखव. आणि भावंडं, मुलं, सगळ्यांचे इको करून घ्या म्हणावं. दहा घरांतल्या एखाद्या घरात तरी दुसरा निघतोच. निघाला तर ओझी उचलणं बंद, आधी तेवढं सांग." त्या सफरचंद चावत भिंतीवरच्या चित्राला पाठ टेकून उभ्या होत्या. "चेहरा का असा? जेवली नाहीस?"

"जेवते."

त्या गेल्यावर ती उठली, चिकटपट्टी नखाने सोडवली आणि चित्र काढलं. स्टिकरपेक्षा सहज निघालं. मागे भिंतीचा चौकोन स्वच्छ होता, बाकीची भिंत किती मळलीय ते आता दिसत होतं. चित्र तिने खणात पालथं ठेवलं.

आणि मग भीती आली. स्वतःची नव्हती ती. स्वतःची जी काय होती ती त्रेचाळीसमध्ये मोजून झाली होती. ही धाकट्याची होती. तो वडिलांसारखा उंच, वडिलांसारखे लांब हात, त्याच पट्ट्यात खांदा घालून रोज जिने चढणारा, आणि तो निर्धास्त आहे तो माझ्या चित्राच्या भरवशावर. नसेलही त्याच्यात. दहातले नऊ म्हणजे काही थोडे नाहीत. पण असेल तर... तर तो मला विचारणार, ताई, मग मी करू काय? त्याला दुसरं काही येत नाही. दुसरं काही आवडतही नाही. कपाट जिन्यात अडकलं की ते कसं फिरवायचं, याचा विचार करताना तो जितका सुखी दिसतो तितका त्याच्या लग्नातही दिसला नव्हता.

पाचच्या सुमाराला त्याचा आवाज आधी आला, मग तो.

"म्हातारीला न्यायला आलोय," पट्टा खांद्यावर, घाम पुसत तो म्हणाला आणि जुन्या मशीनला थोपटलं. "चल ग आजी. ताई, चाकं चालतात ना हिची? जिन्यात उचलूनच घेतो, लिफ्टमध्ये मावायची नाही." तो मशीनभोवती फिरला, कुठे धरायचं ते हाताने चाचपलं, मग भिंतीकडे बघून थांबला. "ताई, तुझं काळीज कुठं गेलं?"

"काढलं."

"का? जुनं झालं?" तो हसला. "आता मी लोकांना काय दाखवू?"

"शर्ट काढ," ती म्हणाली. "डाव्या कुशीवर झोप इथे."

"आता? खाली माणसं थांबलीत. गाडी आडवी लावलीय, लोक शिव्या घालतायत."

"घालू देत."

"मला काय धाड भरलीय? तुझं नॉर्मल म्हणजे माझं नॉर्मल, तूच म्हणाली होतीस."

"म्हणाले होते," ती म्हणाली. "माझं नॉर्मल नाहीये रे."

त्याने तिच्याकडे पाहिलं. लहानपणी काही फुटलं की आधी तिच्याकडे बघायचा, तसं. मग पट्टा खांद्यावरून काढला, गुंडाळला, जुन्या मशीनवर ठेवला, आणि काही न विचारता शर्टाची बटणं सोडू लागला.

तो भिंतीकडे तोंड करून झोपला, पाय टेबलाबाहेर. समोर आता नुसता पांढरा चौकोन. तिच्यासमोर त्याची पाठ. खांद्यावर पट्ट्याचा लाल वळ, त्याच्याखाली लांबच लांब कणा... ही पाठ मी पाहिलीय, बामाने चकाकणारी, आणि आई म्हणतेय, इथे? आणि ते म्हणतायत, खाली, अजून खाली. तिने स्टिकर लावले, तीन. दिवा मालवला. पुढे हात घालून जेल लावलं.

"गार आहे."

"गरम केलंय. नखरे करू नकोस."

पडद्यावर राखाडी धुकं हललं. ती सरकत गेली, बरगडीची सावली, फुफ्फुस मधे आलं.

"ताई, दिसतंय का काही?"

डॉक्टर सांगतील, हे वाक्य जिभेवर येऊन उभंच होतं. तिने ते आत ढकललं. "अजून नाही. दिसलं की मीच सांगते. श्वास सोड... आता थांब."

धुकं बाजूला झालं आणि झडप आली, मिटलेली. तीन रेषा, मध्यभागी मिळालेल्या, भिंतीवर लावावं इतकं सुंदर चित्र. तिचं बोट सवयीने ते थांबवायच्या बटणावर गेलं. तिने बोट उचललं. आता झडप उघडेल. दुसरा हात त्याच्या छातीवर थांबला होता, आणि तो थांबलाय हे त्याला कळलंय, त्याची पाठ ताठ झालीय, हे तिला दिसलं. तिने हात हलवला नाही.